चौदा हजार मैलांचें बिऱ्हाड

प्रवासवर्णनें वाचतांना आम्हांला एक खोड आहे. प्रवाशानें किती मैलांची मजल मारली, किती शिखरें सर केलीं, याकडे आमचें लक्ष मागाहून जातें; रात्रीं तो कोठें निजला आणि त्याच्या पानांत कोणीं काय वाढलें, हें आम्ही आधीं शोधतों. ही खोड अगदींच वाईट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मैल ज्याचे त्याला तोडतां येतात. अन्न आणि आसरा मात्र दुसऱ्यानें द्यावा लागतो, आणि म्हणून या दोन गोष्टींच्या हकीकतींत प्रवाशाखेरीज इतर माणसें त्याच्या नकळत डोकावतात. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें खरें, पण विंचवालाही रात्रीं शिरावयास कोणाची तरी भिंत लागते.

याच नजरेनें एका अमेरिकन दांपत्याची भ्रमंती आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. या पतिपत्नींनीं आपल्या आयुष्याचीं सुमारें पंचवीस वर्षें घराबाहेर घालविलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं आपल्या देशांत घालविलीं. त्यांचीं नांवें भूगोलाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. परंतु ज्या मातीवर तीं दोघें निजलीं त्या मातीच्या लोकांना तीं फारशीं ठाऊक नाहींत.

फॅनी बुलक हिचा जन्म १८५९ सालीं मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर या गांवीं झाला. बाप श्रीमंत, आणि त्या राज्याचा गव्हर्नर होऊन गेलेला. १८८२ सालीं तिचें लग्न विल्यम हंटर वर्कमन या डॉक्टरांशीं झालें. ते तिच्याहून बारा वर्षांनीं वडील. १८८४ सालीं रेचेल नांवाची मुलगी झाली. पुढें १८८९ सालीं डॉक्टरांनीं प्रकृतीच्या कारणावरून धंदा सोडला आणि कुटुंब युरोपांत जाऊन राहिलें. ही नाजूक म्हणून ठरलेली प्रकृति पुढें नव्वदीपर्यंत टिकली, आणि पन्नाशी उलटल्यावर तिनें डॉक्टरांना हिमालयांत चढविलें, हें येथेंच सांगून टाकतों. जर्मनींत त्यांना एक मुलगा झाला; तो १८९३ सालीं लहान वयांतच आजारानें गेला. त्यानंतर या जोडप्यानें घर असें म्हणून मांडलेंच नाहीं. रेचेलला शिक्षणासाठीं शाळेंत ठेवून दोघें बाहेर पडलीं. दुःखानें घर खावयास उठलें म्हणून बाहेर पडलीं, कीं बाहेर पडावयाचें मनांत होतेंच आणि दुःखानें शेवटचा बंध तोडला, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं.

त्या वेळीं सायकल ही नवी वस्तु होती. दोन सारख्या चाकांची सायकल नुकतीच प्रचारांत आली होती, आणि डनलपनें हवा भरलेली रबरी धांव काढली ती १८८८ सालीं. या वाहनानें बायकांना नवऱ्याच्या गाडींत बसून जाण्याऐवजीं त्याच्या बरोबरीनें जातां येऊं लागलें, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल. त्या पिढीला ती तशी वाटली नाहीं. वर्कमन पतिपत्नींनीं १८९५ सालीं अल्जीरिया सायकलींवर पाहिला, त्यानंतर स्पेनमध्यें सुमारें २,८०० मैल तुडविले, आणि १८९७ सालीं तीं पूर्वेकडे निघालीं. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन, जावा असा हा प्रवास सुमारें तीन वर्षें चालला. दक्षिणेच्या टोंकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत हिंदुस्थान त्यांनीं सायकलींवर पाहिला. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नांवांतच चौदा हजार मैलांचा आंकडा घातलेला आहे.

आतां त्यांचें बिऱ्हाड पाहूं. चहा, साखर, बिस्किटें, चीज, डब्यांत भरलेलें मांस, पाणी, उशा, माणशीं एक कांबळें, लिहिण्याचें साहित्य, औषधें आणि सायकल दुरुस्त करण्याचीं हत्यारें. काशीयात्रेला निघालेल्या आपल्या आजीच्या पडशीशीं ही यादी ताडून पाहावी. डाळतांदूळ नाहीं, पीठमीठ नाहीं, पण लिहिण्याचें साहित्य आहे! कांबळें एकावर भागविलें, परंतु उशी मात्र सुटली नाहीं. यांत आम्हांला त्या दोघांच्या मनुष्यपणाची खूण दिसते. हा शिधा संपला कीं नवा घेतां यावा म्हणून तीं होतां होईल तों रेल्वेच्या रस्त्याजवळून जात. परंतु पाहावयाचीं देवळें रेल्वेच्या सोयीनें बांधलेलीं नव्हतीं. आडवाटेला वळलें कीं हाल सुरू होत. अन्न मिळे न मिळे, पाणी बेताचें, रात्रीं डांस, निजावयाच्या जागीं उंदरांचा सुळसुळाट. एखाद्या दिवशीं चाळीसपर्यंत पंक्चरें काढावीं लागलीं, अशी नोंद आहे. एकेका पंक्चराला थोडा वेळ धरला तरी तो दिवस सायकलीवर कमी आणि सायकलीपुढें बसून अधिक गेला असला पाहिजे.

अशा प्रवाशांचा मोठा आधार म्हणजे डाकबंगला. कंपनी सरकारच्या अमदानींत टपालाच्या मोठ्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याला हे बंगले बांधले गेले. पुढें अधिकारी आणि गोरे प्रवासी यांची ती सर्वत्र सोय झाली. रचना बहुधा एकसारखी: पुढें रुंद पडवी, मागें दोनतीन खोल्या, प्रत्येकीला लागून न्हाणी, आंत एक खाट, एक मेज, दोन खुर्च्या. अंथरूण ज्याचें त्यानें आणावयाचें. भाडें ठराविक, आणि चोवीस तास झाल्यावर दुसरा प्रवासी आला तर पहिल्यानें जागा सोडावयाची, असा नियम असे. पाहुण्यानें जातांना वहींत नांव व शेरा लिहावा ही चाल. या बंगल्यांचीं भावंडें शोभणारीं बांधकाम खात्याचीं विश्रामगृहें आपल्याकडे अद्याप जागोजाग उभीं आहेत. अशाच एका विश्रामगृहाच्या जुन्या वहींत आम्ही एक दुपार घालविली आहे. पाहुण्यांचे शेरे पाहिले तर कोंबडीविषयीं आणि मच्छरदाणीविषयीं. रांधणाऱ्याचें नांव एकाही पानावर नव्हतें.

कोंबडीवरून आठवलें. साहेब फाटकांत दिसला कीं खानसाम्यानें अंगणांतील कोंबडीच्या मागें धांवावयाचें, आणि साहेबाचें तोंड धुऊन होतें न होतें तोंच ती मेजावर आणावयाची, असा या बंगल्यांचा प्रघात होता. आंग्लहिंदी बोलींत या पदार्थाला ‘आकस्मिक मृत्यु’ असें नांवच पडलें होतें, आणि १८८६ सालीं निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत त्याची नोंद आहे. कोंबडी चिवट असे याविषयीं साहेबलोकांचीं पुस्तकें एकमतानें तक्रार करतात. पण दिवसेंदिवस कोणी फिरकत नाहीं अशा माळावरच्या बंगल्यांत, कोण केव्हां येईल याचा नेम नसतां, तासाभरांत जेवण उभें करणें हें सोपें काम नव्हे. आमच्या मतें चौदा हजार मैलांच्या पराक्रमांत या खानसाम्यांचा मोठा वाटा आहे. वर्कमनबाईंच्या पुस्तकांत प्राचीन देवळें आणि शिल्प यांना पुष्कळ जागा मिळाली. ज्यांच्या हातचें त्यांनीं खाल्लें त्यांना फार थोडी.

हा दोष देऊन मोकळें होणें मात्र आम्हांला साधत नाहीं. कारण नाण्याची दुसरी बाजू आपल्या घरांतली आहे. समजा, एखाद्या सायंकाळीं धुळीनें माखलेलें हें जोडपें आपल्या पणजोबांच्या वाड्यापुढें सायकली टेकून उभें राहिलें असतें. काय झालें असतें? पणजोबांनीं ओसरीवर सतरंजी घातली असती, फार तर दूध आणि केळीं बाहेर पाठविलीं असतीं. माजघराचा उंबरठा त्यांना ओलांडतां आला नसता; ज्या भांड्यांतून तीं प्यालीं असतीं तें भांडें पुढें वेगळें ठेवलें गेलें असतें. आपल्या लोकांचा पाहुणचार मोठा खरा, पण त्याला सोंवळ्याची चौकट होती. गोडसे भटजी १८५७ सालीं कोंकणांतून उत्तरेकडे गेले. बंडाच्या धामधुमींत त्यांचा जीव अनेकदां धोक्यांत आला. पण जेथें जेथें ब्राह्मणाचें घर किंवा अन्नछत्र होतें तेथें त्यांचें पान मांडलें गेलें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचतांना जात हीच त्या काळची शिधापत्रिका होती हें ध्यानांत येतें. जिला ही शिधापत्रिका नाहीं तिनें डब्यांतलें मांस बाळगावें, याला तिचा एकटीचा अहंकार कारण नव्हता.

उलट दिशेनें गेलेली एक स्त्रीही येथें आठवते. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटर या बाईंनीं त्यांना आपल्या घरीं पोटच्या मुलीप्रमाणें ठेवून घेतलें. तेथून त्या फिलाडेल्फियाला वैद्यकाच्या शाळेंत गेल्या. परक्या थंडींत, शाकाहार न सोडतां, जें शिजवितां येईल त्यावर त्यांनीं दिवस काढले. १८८६ सालीं पदवी घेतली. आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाची बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत, त्या पुण्यांत वारल्या. फॅनीबाईंना आपल्या देशांत आनंदीबाईंच्या वांट्यास आलेलें असें घर लाभलें नाहीं. पण आनंदीबाईंना लाभलेल्या घराचीही किंमत त्यांच्या शरीरानें भरली. परक्या मुलखांत घांस गिळणें हें परक्या मुलखांत डोंगर चढण्याइतकेंच अवघड असतें.

आणि तीं वर्षें कोणतीं होतीं? १८९६ च्या पावसानें दगा दिला आणि दुष्काळ पडला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग उघडकीस आला. पुण्यांत घरोघर झडत्या झाल्या. १८९७ च्या जूनमध्यें रँडवर गोळी झाडली गेली. १८९९ चा पाऊसही गेला, आणि गुजराथ, राजपुताना, वऱ्हाड, दख्खन या भागांत ‘छप्पन्नचा’ दुष्काळ पडला. खडी फोडण्याच्या कामावर माणसें पोटासाठीं रांगा लावून उभीं राहिलीं. सायकलींची ही सफर याच काळांतली आहे. अन्न कमी मिळालें अशी तक्रार त्या प्रवासाच्या हकीकतींत आली म्हणजे मराठी वाचकाचें मन जरा थबकतें. ज्या गांवांत पाहुण्याला विकत मिळालें नाहीं, त्या गांवांत गांवकऱ्याला तरी काय मिळत होतें? आम्ही त्या दोघांना निर्दय म्हणत नाहीं. सायकलीवरून जाणाऱ्याला रस्ता दिसतो, देऊळ दिसतें, संध्याकाळचा मुक्काम दिसतो; गांवाची रिकामी कणगी त्याला दिसत नाहीं, कारण ती घराच्या आंत असते.

१८९८ सालच्या उन्हाळ्यांत उष्म्याला कंटाळून सायकली ठेवून दोघें हिमालयाकडे वळलीं, आणि मग त्या डोंगरांनीं त्यांना सोडलें नाहीं. पुढील चौदा वर्षांत काराकोरम व हिमालयाच्या आठ मोहिमा त्यांनीं केल्या. चोगो लुंग्मा, हिस्पार, बिआफो, सियाचेन या हिमनद्यांवर तीं हिंडलीं, नकाशे करविले, पुस्तकें लिहिलीं. मोहिमेची व्यवस्था एका वर्षीं एकानें पाहावी आणि शास्त्रीय काम दुसऱ्यानें, पुढल्या खेपेस उलट करावें, असा त्यांचा परस्परांत करार होता. संसारांत अशी वांटणी आजही किती घरांतून होते, हें वाचकांनीं आपल्या मनाशीं मोजावें. १९०५ सालीं लंडनच्या राजेशाही भूगोलसंस्थेपुढें बाईंनीं व्याख्यान दिलें. तो मान त्यांच्यापूर्वीं एकाच स्त्रीला, इझाबेला बर्ड यांना, मिळाला होता. १९०६ सालीं नुनकुन पर्वतसमूहांतील पिनॅकल शिखरावर त्या सत्तेचाळीसाव्या वर्षीं चढल्या. त्याची उंची सुमारें २२,७०० फूट. स्त्रियांमधील उंचीचा तो उच्चांक १९३४ पर्यंत कोणी मोडला नाहीं. या चढाईंत त्यांनीं २० हजार फुटांहून अधिक उंचीवर तळ दिला होता. तेथें हवा इतकी विरळ कीं रात्रभर झोंप लागली नाहीं. डाकबंगल्यांतील उंदरांपासून तरी त्या रात्रीं सुटका झाली असेल.

पण डोंगरांत रेल्वे नाहीं, डाकबंगला नाहीं, बाजार नाहीं. अन्न आणि आसरा दोन्ही माणसांच्या पाठीवर न्यावें लागे, आणि पाठ वाहणाऱ्यालाही पोट असे. येथें या दांपत्याचें बिऱ्हाड पहिल्यानें खरोखर जड झालें. आरंभापासूनच मजुरांशीं त्यांचें जमलें नाहीं. मजूर मंद चालतात, वर चढावयास नकार देतात, पीठ पळवितात, मधूनच पळून जातात, अशा तक्रारी त्यांच्या लेखनांत वारंवार येतात. हिमालयाच्या शोधांचा इतिहास लिहिणारे केनेथ मेसन यांनीं १९५५ सालीं असा अभिप्राय दिला कीं, हा दोष बहुतांशीं मालकांचा होता. मजुरांचें मन ओळखण्याचा धीर त्यांच्यापाशीं नव्हता. आम्हांला यांत एवढीच भर घालावयाची आहे कीं, काश्मीर दरबारच्या मुलखांत बेगारीची पद्धत मुरलेली होती. वॉल्टर लॉरेन्स यांनीं १८९५ च्या आपल्या काश्मीरवरील ग्रंथांत तिचे हाल वर्णिले आहेत. बाल्टिस्तानांत शेतीचा हंगाम उन्हाळ्याचे चार दिवस. आणि साहेबाची मोहीम निघावयाची तीही नेमकी त्याच दिवसांत. घरचें पीक कापणीला आलें असतां परक्याचें पीठ पाठीवर घेऊन बर्फांत चढणारा माणूस त्यांतलें चार पसे आपल्या पिशवींत टाकतो आणि रात्रीं घराकडे वळतो, तेव्हां त्याला चोर म्हणणें सोपें आहे.

बाईंच्या स्वभावांत हट्ट होता, हें त्यांच्या चाहत्यांनींही लपविलेलें नाहीं. ॲनी पेक या दुसऱ्या अमेरिकन बाईंनीं १९०८ सालीं पेरू देशांतील एक शिखर चढून आपणच सर्वांत उंच गेल्याचा दावा केला, तेव्हां वर्कमनबाईंनीं तेरा हजार डॉलर खर्चून मोजणीदार पाठविले आणि तें शिखर आपल्या शिखरापेक्षां ठेंगणें असल्याचें सिद्ध करून घेतलें! पिठाच्या चार पशांचा हिशेब ठेवणाऱ्या बाई त्या याच.

तरीसुद्धां १९१२ सालचें सियाचेन आठवलें कीं आमची लेखणी जरा नरमते. त्या वर्षीं मोहिमेच्या नायिका बाईच होत्या. पासष्ट वर्षांचे डॉक्टर छायाचित्रकार व मदतनीस म्हणून मागें चालत होते. ज्या हिमनदीवर १९८४ पासून सैन्यें समोरासमोर उभीं राहिलीं, त्या हिमनदीच्या माथ्याकडे, सुमारें २१ हजार फुटांवर, त्यांनीं स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारें वर्तमानपत्र हातांत धरून आपलें छायाचित्र घेवविलें. अमेरिकेंत तो अधिकार देशभर मिळावयास १९२० साल उजाडलें. त्याच मोहिमेंत त्यांच्या बरोबरचा एक इटालियन मजूर बर्फाच्या भेगेंत पडून दगावला; बाई त्याच्या अगदीं जवळ होत्या, थोडक्यांत बचावल्या. काम त्यांनीं थांबविलें नाहीं. आपल्या पत्नीला पुढें चालूं देऊन तिचें छायाचित्र काढणारा त्या काळचा नवरा आम्हांला त्या दहा-वीस शिखरांहून दुर्मिळ वाटतो.

सियाचेननंतर दोघें डोंगरांत गेलीं नाहींत. महायुद्ध आलें, मग बाईंची प्रकृति खालावली. १९२५ सालीं फ्रान्समधील कान येथें त्या वारल्या. जातांना चार स्त्रीविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवून गेल्या. डॉक्टर १९३७ सालीं गेले. दोघांची रक्षा वूस्टरच्या स्मशानभूमींत एकत्र पुरलेली आहे, आणि वरच्या दगडावर हिमालयाचे आद्य संशोधक असा त्यांचा उल्लेख आहे. जन्मभर ज्यांनीं मुक्काम हलविले त्यांचा शेवटचा मुक्काम जन्मगांवीं पडला.

राहिली रेचेल. आईबाप डाकबंगल्यांतून आणि तंबूंतून निजत असतां ती इंग्लंडांत शिकत होती. तिनें भूगर्भशास्त्रांत नांव मिळविलें. १९१९ सालीं लंडनच्या भूगर्भसंस्थेनें प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतलें, त्यांत ती होती. १९११ सालीं, आईबाप काराकोरमांत असतांच्या वर्षीं, तिचें लग्न सर अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशीं झालें. हे गृहस्थ कानपूरच्या लोकरीच्या गिरणीनें गबर झालेले. ‘लाल इमली’ या नांवानें त्या गिरणीच्या धाबळ्या आपल्या घरोघरीं ओळखीच्या होत्या. म्हणजे आईनें ज्या देशांत एका कांबळ्यावर रात्री काढल्या, त्याच देशाच्या कांबळ्यांवर लेकीचें घर उभें राहिलें. १९२२ सालीं तिला वैधव्य आलें. तीन मुलगे होते. थोरला १९३८ सालीं विमानाच्या अपघातांत गेला. दुसरा आणि तिसरा दोघेही विमानदलांत १९४१ सालीं कामास आले. त्या वर्षीं तिनें पंचवीस हजार पौंड एका बाँबफेकी विमानासाठीं सरकारला दिले. विमानावर नांव घातलें तें ‘मॅकरॉबर्टचें उत्तर’. मग स्कॉटलंडांतील आपला मोठा वाडा तिनें विमानदलाच्या लोकांना विश्रांतीसाठीं मोकळा करून दिला. मोहिमेवरून परतलेल्या तरुण पोरांना तेथें गरम जेवण आणि निजावयास बिछाना मिळत असे.